शीख धर्म: 'दोन्हींतलं चांगलं घेतलं' एवढंच आहे का?

गोदाकाठ

गुरू नानकांची जयंती आली की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: 'नानकांनी हिंदू आणि इस्लाम या दोन्ही धर्मांतली चांगली तत्त्वं घेऊन शीख धर्म स्थापन केला.' शाळेतल्या निबंधापासून शुभेच्छांच्या संदेशांपर्यंत सगळीकडे हेच. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मी नांदेडचा, शीख शेजाऱ्यांत वाढलेला. अलीकडे गुरुबाणी, म्हणजे शिखांच्या ग्रंथातली गुरूंची पदं, अर्थ लावत वाचतो आहे आणि जितकं वाचावं तितकं हे वाक्य खटकत जातं. म्हणून हा धागा.

मिश्रण म्हटलं की वाटतं, एकच देव मुसलमानांकडून घेतला, कर्म आणि पुनर्जन्म हिंदूंकडून घेतले आणि जोडून टाकले. नानकांच्या बाणीत अशी जोडाजोड दिसत नाही. ते पंडिताला, काझीला आणि योग्याला, तिघांनाही उलटे प्रश्न विचारतात. 'आसा दी वार' या रचनेत जानव्याबद्दल म्हणतात की दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ आणि सत्याचा पीळ असलेलं जानवं तुझ्याकडे असेल तर पंडिता, ते मला घाल. नमाजाबद्दलही तसंच. पाच नमाजांपैकी पहिली सत्य, दुसरी हलालाची कमाई, तिसरी देवाच्या नावानं दान, चौथी स्वच्छ मन, पाचवी त्याची स्तुती. यात दोन धर्मांमधला मधला रस्ता काढलेला नाही. तू जे करतोस त्याच्या आत काय आहे, एवढंच दोघांना विचारलंय.

मग शिखांचं स्वतःचं काय? माझ्या मते त्या श्रद्धेचा कणा एका प्रश्नात आहे: गुरू कोण? 'सिद्ध गोसटि' या संवादरूप रचनेत नाथपंथी योगी नानकांना हेच विचारतात, की तुझा गुरू कोण, तू कोणाचा चेला? उत्तर येतं, 'सबदु गुरू सुरति धुनि चेला'. शबद, म्हणजे देवाचा शब्द, हा गुरू आणि त्यात लागलेलं चित्त हा चेला. पुढे दहा गुरू झाले, पण देह दहा आणि ज्योत एकच असं शीख मानतात. १७०८ साली इथे नांदेडला गुरू गोबिंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरू ग्रंथसाहिबाला, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाला, गुरुपद दिलं. योग्यांना दिलेलं उत्तर असं जवळपास दोनशे वर्षांनी प्रत्यक्षात आलं.

बाकीचं बरंचसं यातून निघतं. देव अवतार घेत नाही, ग्रंथाच्या सुरुवातीच्या मूलमंत्रात त्याला 'अजूनी', म्हणजे जन्म न घेणारा, म्हटलंय. शेवटचा प्रेषित ही कल्पना नाही. जन्मानं ठरणारा पुरोहित नाही. पाठ करता येतो अशी कोणतीही शीख व्यक्ती, बाई असो की पुरुष, ग्रंथापाशी बसू शकते. आणि १४३० पानांच्या त्या ग्रंथात फक्त गुरूंचेच बोल नाहीत. सहा गुरूंच्या बाणीसोबत आपले नामदेव, कबीर, रविदास, शेख फरीद असे पंधरा भगत आहेत. शिंपी, विणकर, चर्मकार, सूफी. शीख माणूस ग्रंथापुढे डोकं टेकतो तेव्हा या सगळ्यांपुढे टेकतो. आपल्या मुख्य धर्मग्रंथात इतर परंपरांतल्या माणसांना अशी जागा देणारा दुसरा धर्म मला तरी आठवत नाही.

वेगळी मतं असतील तर जरूर लिहा.

सुनीता_क

धागा आवडला. एक प्रश्न आहे, कोणाला दुखवायचं नाही. गुरुद्वाऱ्यात ग्रंथाला पहाटे वाजतगाजत आणतात, रुमाले घालतात, चवरी ढाळतात, रात्री वेगळ्या खोलीत नेऊन निजवतात. आपल्याकडे काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचं जे करतात त्याच्यासारखंच दिसतं. मग मूर्तिपूजा नाही असं कसं म्हणायचं?

जसप्रीत_चिंचवड

सुनीताताई, हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जातो आणि योग्य प्रश्न आहे. माझा जन्म पुण्यातला. घरी पंजाबी, बाहेर मराठी. मला कळतं तसं सांगते.

दिसायला साम्य आहेच. चवरी, चांदवा, गादी हा सगळा त्या काळच्या दरबाराचा थाट आहे. गुरूला 'सच्चा पातशाह' म्हणतात, म्हणून बसण्याची पद्धत राजाची. पण मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, तिथे देव वास करतो अशी श्रद्धा असते, म्हणून तिला स्नान आणि नैवेद्य. ग्रंथाला आम्ही देव मानत नाही. वाहेगुरू निराकार आहे, तो ग्रंथात राहायला आलेला नाही. ग्रंथ गुरू आहे आणि गुरूचं काम शिकवणं. ज्या ग्रंथापुढे कोणी वाचत नाही, ऐकत नाही, त्याची नुसती सजावट करून काही मिळत नाही. रोज सकाळी ग्रंथ उघडून जे पान येईल त्यावरचा शबद मोठ्यानं वाचतात. तो 'हुकमनामा', त्या दिवसाची आज्ञा. माझ्यासाठी गुरुद्वाऱ्यात जाणं म्हणजे मुख्यतः तो ऐकणं.

हेही खरं की काही घरांत ग्रंथ वाचायचा कमी आणि पुजायचा जास्त झालाय. पैसे देऊन अखंड पाठ लावायचा आणि आपण मागच्या खोलीत पाहुण्यांशी गप्पा मारत बसायचं. ४८ तास पाठ चालतो आणि घरातलं कोणी दहा मिनिटं बसत नाही. याला रूढी म्हणायला मला संकोच नाही. रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, पाठाच्या वेळी कुंभ, नारळ, तुपाचा दिवा ठेवायला स्पष्ट मनाई आहे, तरी लोक ठेवतात.

माळकरी

राम कृष्ण हरी. वारकरी घरातला असल्यानं मला साम्यंच आधी दिसतात. नामस्मरण, कीर्तन, प्रपंच न सोडता परमार्थ, संतांची संगत. गुरू अर्जनदेवांचं एक पद आहे: 'राजु न चाहउ मुकति न चाहउ', राज्य नको, मुक्तीही नको, तुझ्या चरणांची प्रीती हवी. आणि तुकोबा काय म्हणतात? 'न लगे मुक्ति धन संपदा, संतसंग देई सदा.' गुरू अर्जनदेव १६०६ साली गेले आणि तुकोबांचा जन्म साधारण त्याच सुमाराचा. देहू आणि अमृतसरमध्ये एवढं अंतर, आणि मागणं एकच.

नामदेवरायांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांत विठ्ठल आहे. 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही.' इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, विठ्ठलाशिवाय संसार नाही. पंजाबातल्या घुमान गावी नामदेवांनी आयुष्याचा उत्तरकाळ घालवला अशी परंपरा आहे आणि २०१५ सालचं मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं होतं. मग शीख पंथ हा भक्ती चळवळीचाच उत्तरेतला निर्गुण फाटा मानला तर काय चुकलं?

गोदाकाठ

माळकरी महाराज, साम्याबद्दल शंभर टक्के सहमत. नामदेवांचं तिथलं दुसरं पद पाहा. देवाला अंघोळ घालायला घागर भरून आणली, पण पाण्यात बेचाळीस लाख जीव आहेत आणि त्यांतही विठ्ठलच आहे, मग अंघोळ कोणाला घालू? पुढे फुलांची माळ आणतात तर ती भुंग्यानं आधीच हुंगलेली. म्हणजे ग्रंथात आलेला विठ्ठल विटेवर मावत नाही. गाथेतले नामदेव रुसतात, विठ्ठलाशी भांडतात, त्याला हातानं जेवू घालतात. तेही नामदेवच. शीख परंपरेनं त्यांच्यातला निर्गुणाकडे झुकलेला आवाज घेतला. त्यामुळे एकच संत दोन परंपरांत दोन बाजूंनी दिसतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

पण 'फाटा' म्हणताना एक गोष्ट सुटते. कबीरांनी, रविदासांनी स्वतः संस्था उभारली नाही. नानकांनी उभारली. उदास्या, म्हणजे दूरदूरचे प्रवास, संपल्यावर रावीकाठी कर्तारपूरला शेती करत राहिले, संगत बसवली आणि जाताना श्रीचंद, लखमीदास या मुलांना बाजूला ठेवून लहणा नावाच्या शिष्याला गादी दिली, तेच गुरू अंगद. श्रीचंद तर संन्यासवृत्तीचे होते. दुसऱ्या कुठल्या पंथात कदाचित तेच वारस ठरले असते. तिसऱ्या गुरूंनी, अमरदासांनी, दर्शनाआधी पंगतीत जेवण हा रिवाज घातला, सती आणि पडद्याला विरोध केला. पाचव्यांनी १६०४ साली ग्रंथ सिद्ध केला, सहाव्यांनी मीरी आणि पीरी, म्हणजे राजसत्ता आणि धर्मसत्ता, अशा दोन तलवारी बांधल्या. १६९९ मध्ये खालसा, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा झाला. विचार भक्ती परंपरेशी जुळतात हे मान्य, पण ते जगण्याची शिस्त म्हणून बांधले गेले, त्यातून वेगळा धर्म उभा राहिला.

पंगतीचंच घ्या. पंढरपूरच्या वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, पण चोखोबांची समाधी पायरीशी, मंदिराबाहेर, आणि दलितांना आत जायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. समतेचा विचार आपल्याकडेही होता. ताट शेजारी मांडण्याचा नियम नव्हता.

निळाई

गोदाकाठ, नियम होता हे बरोबर. पण पंगतीतून उठल्यावर काय, हेही लिहा. पंजाबात मजहबी आणि रामदासिया या दलित शिखांचे वेगळे गुरुद्वारे आहेत, काही गावांत स्मशानंही वेगळी. जमीन कोणाच्या हातात आहे तेही बघा. आडनाव टाकून 'सिंग' आणि 'कौर' लावायचं ठरलं, पण लग्नं जात बघूनच होतात. २००९ मध्ये व्हिएन्नात रविदासी संतांवर गुरुद्वाऱ्यात हल्ला झाला, त्यात संत रामानंद गेले. त्यानंतर २०१० मध्ये रविदासियांच्या एका मोठ्या गटानं वेगळा धर्म आणि वेगळा ग्रंथ जाहीर केला. ज्या रविदासांची बाणी गुरू ग्रंथसाहिबात आहे त्यांच्याच अनुयायांना बाहेर पडावंसं वाटलं, ही साधी गोष्ट नाही.

आणि बाबासाहेबांचा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचं वाईट वाटलं. १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, त्यानंतर शीख धर्माचा त्यांनी गंभीरपणे विचार केला होता. १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या शीख परिषदेत ते बोलले, आपली काही माणसं अमृतसरला पाठवली. मुंबईत माटुंग्याचं गुरू नानक खालसा कॉलेज १९३७ साली सुरू झालं, त्यामागेही हाच संबंध आहे. पुढे त्यांनी बुद्धाचा मार्ग घेतला. त्यामुळे शीख धर्माची तुलना बौद्ध धम्माशी केल्याशिवाय आपल्या महाराष्ट्रात ही चर्चा पूर्ण होत नाही.

जसप्रीत_चिंचवड

निळाई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते आम्हीच आधी लिहायला हवं. खालशाचे पहिले पाच प्यारे बघा: लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, पुरीचा पाणी भरणारा झीवर, द्वारकेचा कापड छापणारा छींबा आणि बिदरचा न्हावी. त्या पाचांना अमृत देऊन गुरू गोबिंदसिंग त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याकडून स्वतः अमृत घेतलं. गुरू चेल्याचा चेला झाला. या घटनेतून निघालेल्या पंथात मजहबी शिखाला वेगळा गुरुद्वारा बांधावा लागतो, हा गुरूचा अपमान आहे असं मी मानते. 'आमच्यात जात नाही' असं म्हणून हा प्रश्न मिटवणाऱ्या माझ्याच लोकांचा मला राग येतो.

बायकांचंही तसंच. 'सो किउ मंदा आखीऐ जितु जंमहि राजान', जिच्या पोटी राजे जन्मतात तिला वाईट का म्हणायचं, हे नानकांनी आसा दी वारमध्येच विचारलंय. रहत मर्यादा बाईला कुठल्याही सेवेपासून अडवत नाही. तरीही हरमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आत बायकांना कीर्तन करू द्यावं ही मागणी अजून मागणीच आहे.

गोदाकाठ

निळाई, बौद्ध धम्माशी तुलना माझ्या मते अशी. कर्माचा आणि जन्ममरणाच्या फेऱ्याचा विचार दोन्हीकडे आहे. दुःखाचं मूळ बुद्ध तृष्णेत बघतात, नानक 'हउमै'त, म्हणजे मी-मी म्हणणाऱ्या वृत्तीत. इथपर्यंत फार जवळ. पण बुद्धाला त्यासाठी ईश्वराची गरज वाटत नाही, आणि शीख श्रद्धेतून ईश्वर काढला तर काहीच उरत नाही. हउमै स्वतःच्या प्रयत्नानं पूर्ण जात नाही, शेवटी त्याची 'नदर', कृपादृष्टी लागते. शिवाय भिक्षुसंघ हा धम्माचा आधार आहे आणि शीख धर्मात संन्यासाला जागाच नाही. किरत करो, नाम जपो, वंड छको. कष्टानं कमवा, नाम घ्या, वाटून खा. यातलं पहिलं सोडून दुसरं करता येत नाही.

जैनांशी तर थेट वाद आहे. केस उपटणं, अंघोळ न करणं यावर नानकांनी 'माझ की वार' या रचनेत कडक टीका केली आहे. मला ती टीका त्यांच्या एरवीच्या स्वभावापेक्षा जास्त कठोर वाटते.

त्रिविक्रम

इतकं वेगळेपण दाखवायची गरज काय? पंजाबात कित्येक घरांत एक मुलगा शीख आणि बाकीचे हिंदू अशी पद्धत होती. ग्रंथात राम, हरी, गोपाळ ही नावं हजारो वेळा येतात. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये हिंदू शब्दात शीख, जैन, बौद्ध धरले आहेत. लग्नाचा आणि वारसाचा कायदा एकच. वेगळे धर्म ही फाळणी इंग्रजांनी जनगणनेतून पक्की केली.

गोदाकाठ

त्रिविक्रम, कुटुंबांबद्दलचं बरोबर आहे. रोटीबेटीचे व्यवहार होते, अजूनही आहेत. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच गुरुद्वाऱ्यांचा कारभार श्रीचंदांना मानणाऱ्या उदासी पंथाच्या महंतांकडे होता आणि हरमंदिर साहिबच्या परिक्रमेत १९०५ पर्यंत मूर्तीही होत्या. सिंग सभा या शीख सुधारणा चळवळीनंतर त्या हलवल्या. म्हणजे आज दिसणारी ठळक रेघ तेव्हा इतकी ठळक नव्हती.

पण घटनेतलं ते स्पष्टीकरण मंदिरप्रवेश आणि सुधारणांच्या कायद्यापुरतं आहे. त्याच कलमाचं पहिलं स्पष्टीकरण कृपाण बाळगणं हा शीख धर्माचा भाग मानतं. आणि शीख लग्नासाठी आनंद विवाह कायदा १९०९ पासून आहे, २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात नोंदणीची सोय आली.

कायदा बाजूला ठेवून श्रद्धेकडे बघू. वेद प्रमाण मानायचे का? नाही. अवतार? नाही. वर्णाश्रम? नाही. उपवास, सोयरसुतक, श्राद्ध, पिंडदान? नाही. गयेच्या पिंडाबद्दल नानक म्हणतात की माझा पिंड आणि पत्रावळ केशवच, माझी क्रिया म्हणजे कर्त्याचं सत्य नाम. देवाचं नाव केशव आहे आणि विधी नाकारलाय, एकाच ओळीत. ग्रंथातला 'राम' बहुतेक ठिकाणी दशरथाचा मुलगा नाही, घटाघटात रमलेला आहे. त्याच ग्रंथात अल्ला, खुदा, करीम हीही नावं आहेत. गुरू अर्जन भैरउ रागात म्हणतात, 'ना हम हिंदू न मुसलमान'. हे १६०४ च्या आधीचं आहे. तेव्हा जनगणनाही नव्हती आणि पंजाबात इंग्रजही नव्हते.

वेगळं मानल्यानं नातं तुटत नाही. नवव्या गुरूंचं उदाहरण पुरेसं आहे. जानवं घालायला नानकांनी नकार दिला असं जनमसाखी, म्हणजे त्यांची पारंपरिक चरित्रकथा, सांगते. त्याच गादीवरचे तेगबहादुर १६७५ साली दिल्लीत, काश्मिरी पंडितांची बाजू घेऊन, दुसऱ्याचा जानवं घालण्याचा हक्क राहावा म्हणून शीर देतात. स्वतः न मानलेल्या खुणेसाठी. याला हिंदू धर्माची शाखा म्हटलं तर त्या बलिदानाची उंची कमी होते. आपल्या माणसांसाठी तर सगळेच लढतात.

रशीद_परभणी

गोदाकाठ भाऊ, शेवटचा मुद्दा मनाला लागला. इस्लामच्या बाजूनं थोडं लिहितो.

मूलमंत्र पहिल्यांदा अर्थासह वाचला तेव्हा कुरआनातल्या सूरह इख्लासची आठवण झाली. तो एक आहे, त्याला कोणी जन्म दिला नाही. 'हुकमि रजाई चलणा', त्याच्या हुकुमाप्रमाणे, मर्जीप्रमाणे चालायचं, यात शब्दही आमचे आणि भावही ओळखीचा. नानकांसोबत आयुष्यभर रबाब वाजवणारे मर्दाना मुसलमान होते. बाबा फरीद चिश्ती सिलसिल्याचे. भंगाणीच्या लढाईत, १६८८ मध्ये, पीर बुद्धू शाह आपल्या मुलांना आणि मुरिदांना, म्हणजे शिष्यांना, घेऊन गुरू गोबिंदसिंगांच्या बाजूनं लढले.

फरकही तितकेच मोठे. आम्ही मोहम्मद पैगंबरांना अखेरचे मानतो, शीख कोणालाच अखेरचे मानत नाहीत. आमच्याकडे एकच जन्म आणि मग कयामत, त्यांच्याकडे जन्मांचा फेरा. रोजे आणि हज त्यांच्या बाणीत नाकारले आहेत. रहत मर्यादेत कुठा, म्हणजे हलाल पद्धतीचं मांस निषिद्ध. एवढे फरक असताना 'थोडा इस्लाम मिसळला' म्हणणं दोघांवरही अन्याय आहे, असं मलाही वाटतं. मुघल बादशहांनी दोन गुरूंना मारलं हा इतिहास आम्हाला लपवायचा नाही. पण बादशाही आणि इस्लाम एकच मानू नये, एवढी विनंती.

जसप्रीत_चिंचवड

रशीदभाई, ही विनंती आमच्या इतिहासातही आहे. औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात गुरू गोबिंदसिंग त्याला कुराणाची शपथ मोडल्याबद्दल जाब विचारतात. तू मुसलमान आहेस म्हणून नाही, तर तू आपल्या धर्माला जागला नाहीस म्हणून. तेही फारसीत, शेरांमध्ये.

मांसावरून आमच्यातच खूप वाद आहेत. लंगर शाकाहारी असतो, म्हणजे कोणालाही जेवता यावं. घरात काहीजण खातात, काहीजण नाही. 'मासु मासु करि मूरखु झगड़े', मांसावरून मूर्ख भांडतात, असं नानक म्हणून गेलेत तरी भांडण चालूच आहे.

टोरांटोकर

इथे कॅनडात माझे शेजारी शीख आहेत आणि ऑफिसातले ख्रिस्ती सहकारी त्यांच्याबद्दल विचारत असतात, म्हणून एक-दोन गोष्टी. ख्रिस्ती धर्मातली कृपा आणि शिखांची 'नदर' यांत जवळीक आहे, दोन्हीकडे माणूस केवळ स्वतःच्या पुण्यावर तरत नाही. पण शीख माणूस जन्मतः पापी नसतो. तो विसरलेला असतो. देवानं मनुष्यदेह घेऊन येणं हे ख्रिस्ती श्रद्धेचं केंद्र, आणि शिखांच्या तर पहिल्याच ओळींत तो जन्म घेत नाही असं म्हटलंय. शिवाय गुरुद्वाऱ्यात कधी कोणी मला 'तुम्ही शीख का होत नाही' असं विचारलं नाही. जेवलात का, एवढंच विचारतात.

कृपाणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली शीख विद्यार्थ्याला शाळेत, शिवून बंद केलेल्या स्थितीत, कृपाण बाळगायला मुभा दिली. हे इथल्या अनेकांना अजून पटलेलं नाही. अहिंसा मानणाऱ्या आपल्या लोकांनाही भक्ती आणि शस्त्र एकत्र कसं, हा प्रश्न पडतो.

गोदाकाठ

जफरनाम्यातच त्याचं उत्तर आहे: बाकी सगळे उपाय संपले की मगच तलवारीला हात घालणं योग्य. मूलमंत्रात 'निरभउ' आणि 'निरवैरु' शेजारी शेजारी आहेत. भय नाही आणि वैरही नाही. यातलं एकच घेतलं तर शस्त्र एकतर गळून पडेल किंवा सूडाचं होईल. ही दोन विशेषणं देवाची आहेत, पण माणसानं त्याच्यासारखं व्हायचं म्हणून ती माणसाचीही.

सुनीता_क

सगळं वाचते आहे. अजून एक शंका. जसप्रीत म्हणाली की कुंभ-नारळाला मनाई आहे. पण नांदेडला हजूर साहिबमध्ये मी दिव्यांची आरती आणि शस्त्रांना चंदन लावताना पाहिलंय. ते मग कसं?

गोदाकाठ

हा माझ्या गावचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शिखांची पाच तख्तं, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठं, आहेत. अमृतसरचं अकाल तख्त, आनंदपूरचं केशगढ साहिब, तलवंडी साबोचं दमदमा साहिब, पाटणा साहिब आणि नांदेडचं सचखंड हजूर साहिब. यातली शेवटची दोन पंजाबबाहेर. गुरुद्वाऱ्यांचा पंजाबातला कारभार १९२५ च्या कायद्यानं शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीकडे आला, रहत मर्यादा १९४५ मध्ये तिनंच पक्की केली. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या गुरुद्वाऱ्याचा कायदा वेगळा, १९५६ चा, आणि मंडळही वेगळं. त्यामुळे जुन्या रीती इथे टिकल्या. गुरू गोबिंदसिंगांची शस्त्रं आतल्या गाभाऱ्यात आहेत, त्यांना चंदन लागतं. गोदावरीची घागर रोज येते. गुरू ग्रंथसाहिबासोबत दसम ग्रंथाचाही, म्हणजे गुरू गोबिंदसिंगांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाचाही, प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडतात. होळी-दसऱ्याला हल्ला-महल्ल्याची मिरवणूक निघते. पंजाबातून आलेले काही यात्रेकरू हे पाहून बुचकळ्यात पडतात, एखादा रागावतोही.

इथले दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्यांचे. घरात दखनी हिंदी आणि मराठी सहज बोलणारे. ते म्हणतात, ही रीत निहंगांची, म्हणजे शस्त्रधारी शिखांची, जुन्या खालशाची आहे, आम्ही नवीन काही आणलं नाही. अमृतसरची बाजू म्हणते, सिंग सभेनं जी स्वच्छता केली ती तुमच्यापर्यंत पोचली नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझा कल मर्यादेकडे आहे, कारण नानकांनी स्वतः पुरीच्या आरतीच्या प्रसंगी आकाशाचं ताट, सूर्यचंद्राचे दिवे आणि ताऱ्यांचे मोती अशी आरती गायली आणि हातातली आरती सोडून दिली. पण त्याच पदाचे बोल हजूर साहिबच्या आरतीतही म्हटले जातात. तेव्हा नांदेडच्या शिखांना कमी शीख म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. एकच मर्यादा सगळीकडे असावी असं वाटणं वेगळं आणि ज्यांनी तीनशे वर्षं ही जागा सांभाळली त्यांच्या श्रद्धेवर शंका घेणं वेगळं.

माळकरी

गोदाकाठ, 'फाटा' हा शब्द मी आता वापरणार नाही, 'गणगोत' म्हणेन. मूळ बाणी वाचायची तर सुरुवात कुठून करावी? गुरुमुखी येत नाही.

जसप्रीत_चिंचवड

माळकरी काका, देवनागरीत छापलेली बाणी सहज मिळते. ग्रंथाच्या सुरुवातीला असलेल्या नानकांच्या जपुजीपासून सुरू करा. मूलमंत्र, ३८ पौड्या (कडवी) आणि शेवटी एक श्लोक, सावकाश वाचलं तरी अर्धा तास. पण तुम्ही आधी नामदेवांची ६१ पदंच वाचा असं मी सुचवेन. त्यात 'भैला', 'आनीले', 'भराईले' अशी रूपं भेटतील, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळतील. आम्हा पंजाबी बोलणाऱ्यांना तिथे अडखळायला होतं. वाचताना काही लागलं तर इथेच लिहा, मलाही तुमच्याकडून त्या पदांचा अर्थ समजून घ्यायचा आहे.